हेलपाट्यांचा दिवस

मागील अंकात ‘रोकड’ आणि ‘उधार’ या दोन शब्दांची हकिकत सांगितली, तेव्हा एका भगिनीने कळवले की पेढीवरचे शब्द आता पुरे झाले, घरातल्या मुलांनाही रस वाटेल असे काही लिहावे. सूचना रास्त आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दुकानात मार्चअखेरीची धांदल असेल आणि घरात मुले कुजबुजत काही बेत रचत असतील. १ एप्रिल ही तारीख अशी दुतोंडी आहे. त्या दिवशी नव्या वहीवर पहिली नोंद पडते, बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना दार बंद ठेवतात, आणि त्याच दिवशी नातू आजोबांच्या पाठीला कागदाची शेपटी चिकटवून पसार होतो. हिशेबाचा सर्वांत काटेकोर दिवस आणि थापांचा सर्वांत मोकळा दिवस एकाच तारखेला कसे आले, याचे कुतूहल मला बरीच वर्षे आहे.

हिशेबाची बाजू सोपी आहे. आपल्या देशात सरकारी आर्थिक वर्ष पूर्वी १ मे ते ३० एप्रिल असे होते. ब्रिटिश सरकारच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून १८६७ साली ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे करण्यात आले. व्यापारी मात्र आपल्या परंपरेने चालत राहिले. दिवाळीला वहीपूजन, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे वर्ष, असाच बहुतेक पेढ्यांचा क्रम होता. प्राप्तिकर कायद्याने १९८९-९० या करआकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्च हीच वर्षअखेर लावून दिली, तेव्हा कुठे १ एप्रिल खऱ्या अर्थाने आपल्या उंबऱ्याच्या आत आला. वहीपूजन आजही दिवाळीलाच होते. पूजेची वही एक आणि कराची वही दुसरी, हे आपण फारशी कुरकुर न करता स्वीकारले आहे.

थट्टेची बाजू इतकी सरळ नाही. तिच्या जन्माची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. फ्रान्समध्ये पूर्वी नवे वर्ष वसंतात सुरू होई. नववा चार्ल्स या राजाने १५६४ साली फर्मान काढून ते १ जानेवारीला नेले. ज्यांना ही वार्ता उशिरा कळली, किंवा कळूनही जुना रिवाज सोडवेना, ते १ एप्रिललाच नव्या वर्षाच्या भेटी देत राहिले आणि लोक त्यांना हसू लागले. कथा गोड आहे, मुलांना सांगायला सोयीची आहे. पण कोणताही जुना मुनीम तिचे कागद तपासू लागला तर पहिल्याच पानावर अडेल.

फर्मान खरे आहे, तारीखही खरी आहे. अडचण वेगळीच आहे. त्यापूर्वी फ्रान्समध्ये नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होतच नव्हते. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे रिवाज होते. कुठे नाताळ, कुठे २५ मार्च, आणि राजदरबारी कागदपत्रांत ईस्टर. ईस्टर हा तर चांद्रगणनेशी बांधलेला, दरवर्षी जागा बदलणारा सण. शिवाय एप्रिलच्या थट्टेला फ्रेंच लोक जो शब्द वापरतात तो १५०८ साली छापलेल्या एका फ्रेंच काव्यग्रंथातच सापडतो, मग त्याचा अर्थ तेव्हा थोडा निराळा का असेना. आणि बेल्जियममधील ब्रूज या व्यापारी शहरातल्या एडुआर्ड डी डेने नावाच्या कवीने १५६१ साली १ एप्रिलच्या फजितीवर एक सबंध विनोदी कविता लिहिली आहे. फर्मान निघाले १५६४ ला. मागणीपत्राच्या तीन वर्षे आधी मालाची पोच मिळाली असे कोणी सांगितले, तर आपण त्या व्यवहाराकडे ज्या नजरेने पाहू, त्याच नजरेने या कथेकडे पाहावे लागते.

अलीकडे मोबाइलवर दुसरीच एक कथा फिरते. आपले नववर्ष चैत्रात असते, इंग्रजांना ते हाणून पाडायचे होते, म्हणून त्यांनी आपल्याला ‘फूल’ म्हणजे मूर्ख ठरवण्यासाठी हा दिवस काढला, असा तिचा मथितार्थ. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास सुशिक्षित मंडळींकडूनही ती माझ्याकडे येते. पण ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली, म्हणजे डी डेनेच्या कवितेनंतर एकोणचाळीस वर्षांनी. जॉन ऑब्री या इंग्रज अभ्यासकाने १६८६ साली या दिवसाची नोंद केली ती इंग्लंडमधल्या इंग्रजांचाच सण म्हणून. आणि गंमत अशी, की खुद्द इंग्लंडचे कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासच, बदलत असे. ज्यांचे स्वतःचे वर्ष मार्चअखेरीस फिरत होते ते आपल्या चैत्राला कोणत्या तोंडाने हसणार? १ एप्रिलविषयीची थाप वर्षभर, गंभीर चेहऱ्याने, पुढे पाठवली जावी, यापेक्षा मोठा एप्रिल फूल कोणता?

असे फसण्यात आपण एकटे नाही. १९८३ साली अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने या दिवसाचा उगम विचारला. त्यांनी सांगितले की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने कूगेल नावाच्या विदूषकाला एक दिवस राज्य करू दिले, तेथून ही प्रथा पडली. बातमी अनेक वृत्तपत्रांत छापून आली. कूगेल हे ज्यू लोकांच्या घरी होणाऱ्या एका भाजलेल्या पक्वान्नाचे नाव आहे आणि सगळी कथा प्राध्यापकांनी जागच्या जागी रचली होती, हे उघड व्हायला काही दिवस जावे लागले.

तेव्हा उगमाचा हट्ट सोडून शब्दांकडे वळू. तेथे कागद अधिक पक्के आहेत.

डी डेनेच्या कवितेत एक सरदार आपल्या चाकराला १ एप्रिलच्या दिवशी लग्नाच्या मेजवानीच्या तयारीचे निमित्त करून एकामागून एक खुळचट कामांना पिटाळतो. चाकर खुळा नाही. आज तारीख कोणती आणि मालक काय करीत आहे, हे त्याला पुरते ठाऊक आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो आपली शंका बोलून दाखवतो, आणि तरीही जातो. त्या दिवसाला त्या भाषेत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘धाडण्याचा दिवस’ असा होतो. ‘पाठवणीचा दिवस’ म्हणालो असतो, पण आपल्याकडे पाठवणी म्हटले की डोळ्यांत पाणी येते, म्हणून तो शब्द टाळला. जर्मन भाषेत आजही एखाद्याला फसवले की ‘त्याला एप्रिलमध्ये धाडले’ असे म्हणतात. स्कॉटलंडमध्ये एखाद्याच्या हाती बंद पाकीट देऊन ते अमक्याला नेऊन दे असे सांगत. पाकिटात मजकूर असा, की याला हसू नका, आणखी एक मैल पुढे पाठवा. पाकीट उघडणारा गंभीर मुद्रेने म्हणे, हे काम माझ्याकडचे नव्हे, पलीकडच्या वाडीत जा. लंडनमध्ये १६९८ च्या एप्रिलमधील एका वृत्तपत्रात नोंद आहे की आदल्या दिवशी अनेक जण टॉवरच्या किल्ल्यावर सिंहांना आंघोळ घालण्याचा सोहळा पाहायला गेले. तसा सोहळा कधीच नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर त्याचे छापील पास वाटले गेले, आणि तोवर टॉवरमधले सिंहही तेथून हलवले गेले होते!

म्हणजे या दिवसाचे सर्वांत जुने रूप खोटी बातमी हे नसून खोटे काम हे आहे. त्याला मराठीत किती नेमका शब्द आहे पाहा: हेलपाटा. निष्फळ फेरी, वाया गेलेली पायपीट, सगळे चार अक्षरांत. वसुलीसाठी बाजारपेठ तुडवलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आपल्याकडच्या होळीतही हा खेळ होता. कर्नल पिअर्स नावाच्या एका अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या दुसऱ्या खंडात लिहून ठेवले आहे की होळीच्या दिवसांत लोकांना फुकटच्या कामगिऱ्यांवर पाठवून त्यांची फजिती करण्याची चाल हिंदूंमध्ये आहे आणि लहानथोर सारेच त्यात भाग घेतात. यावरून युरोपातल्या काही विद्वानांनी दोन्ही प्रथांचे मूळ एकच असावे असा तर्क लढवला. मला तो पटत नाही. थंडी सरली, अंगात ऊब आली की माणसाला खोड्या सुचतात. त्यासाठी एका देशाने दुसऱ्या देशाकडून उसनवारी करण्याचे कारण नाही.

आता फसणाऱ्याला काय म्हणतात ते पाहण्यासारखे आहे. फ्रेंच आणि इटालियन लोक त्याला ‘एप्रिलचा मासा’ म्हणतात. त्या महिन्यातले लहान मासे सहज गळाला लागतात म्हणून, असे एक स्पष्टीकरण देतात. मुले कागदाचा मासा कातरून एखाद्याच्या पाठीवर हळूच चिकटवतात. मासा कागदाचाच असल्याने आपल्यालाही हरकत नसावी. स्कॉटलंडमध्ये ‘गौक’ म्हणतात. हा शब्द कुक्कू पक्ष्याचाही आहे आणि मूर्खाचाही. आपल्याकडे या कुळातली कोकिळा धूर्त ठरली आणि तिची अंडी उबवणारा कावळा खुळा. त्याच कुळातल्या पावशाने ‘पेरते व्हा’ म्हटले की शेतकरी त्याच्या शब्दावर विश्वासून तिफण बाहेर काढतो. एकाच पक्षिकुळाची तिकडे अशी आणि इकडे तशी कीर्ती. स्पेनमध्ये हा सण २८ डिसेंबरला असतो आणि फसलेल्याला ‘निष्पाप’ म्हणतात. हे नाव मला सर्वांत माणुसकीचे वाटते. पोर्तुगीज भाषेत सरळ ‘खोट्याचा दिवस’ असेच म्हणतात. इराणात नवरोजनंतर तेराव्या दिवशी लोक घराबाहेर, मोकळ्या हवेत दिवस घालवतात, आणि त्या दिवशी मारलेल्या थापेला ‘तेराचे खोटे’ असे नाव आहे. तो दिवस १ किंवा २ एप्रिललाच येतो. पोलंडचे लोक या दिवसाला इतके मानतात, की १६८३ साली तुर्कांविरुद्ध ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी झालेला त्यांचा करार १ एप्रिलला सह्या होऊनही त्यावर आदल्या दिवसाची तारीख घातली गेली असे सांगतात. ३१ मार्चची तारीख घालण्याची निकड काही आपल्याच पेढ्यांना भासते असे नाही.

इंग्रजी ‘फूल’ हा शब्द लॅटिनमधल्या भात्याच्या नावावरून आला. लोहाराचा भाता, नुसती हवा भरलेली पिशवी. मराठीत तो आला आणि त्याचे पुष्प झाले. आपल्या मुलांना ‘एप्रिल फूल’ ओरडताना यातला मूर्ख ऐकू येत नाही, वर्गातल्या तक्त्यावरचे कमळ किंवा गुलाब दिसतो. कदाचित म्हणूनच या शब्दाने आपल्याकडे कोणी फारसे दुखावले जात नाही.

मराठीचे स्वतःचे भांडारही लहान नाही. मस्करी हा शब्द अरबी-फारसीतल्या मस्खऱ्यापासून आला, फजिती अरबी फजीहतीपासून, आणि चेष्टा हा शुद्ध संस्कृत शब्द, ज्याचा मूळ अर्थ नुसती हालचाल. शेंडी लावणे, टोपी घालणे, मामा बनवणे, हातावर तुरी देणे, हूल देणे. मामालाच का बनवावे, हे कोडे मला सुटलेले नाही. भाचरांपुढे तो आपखुशीने बनतो म्हणून असेल. थापेला ‘लोणकढी’ म्हणण्यात तर मोठी रसिकता आहे. लोणी कढवून नुकतेच उतरवलेले ताजे, खमंग तूप ते लोणकढे. थाप तशी असावी: जागच्या जागी केलेली, वास सुटलेली, कोणाच्या पोटाला न बाधणारी. बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी ‘पॅनोरमा’ या आपल्या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटीच्या शेवया तोडण्याचा हंगाम दाखवला, ती या जातीची थाप होती. त्या काळी इंग्लंडात हा पदार्थ फारसा परिचित नव्हता, म्हणून अशी झाडे कशी लावावीत असे विचारणारे दूरध्वनी आले. खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांना कोणी असे फसवू शकले नसते.

आणि ‘चुना लावणे’? तो शब्द मी या यादीत मुद्दाम घेतला नाही. त्यात पैसा जातो. भाषेने ही रेघ किती चोख ओढली आहे! टोपी घातली तर ती काढता येते.

पण पैसा गेला नाही म्हणजे काहीच गेले नाही, असे मात्र नाही. हे मला वयाच्या अकराव्या वर्षी कळले. आमची आडत होती. पेढीचे वर्ष तेव्हा दिवाळीला फिरे, त्यामुळे १ एप्रिल हा इतर दिवसांसारखाच दिवस. शाळेत थट्टेची साथ आली होती. मी आणि माझा चुलतभाऊ दुपारी दुकानावर गेलो. आजोबा बाहेर गेले होते, वृद्ध दिवाणजी एकटेच किर्द लिहीत बसले होते. मी म्हणालो, “दिवाणजी, आजोबांनी तुम्हाला स्टेशनवर बोलावलंय. वॅगन लागली आहे, पावत्या घेऊन लगेच या म्हणाले.” दिवाणजींनी एक शब्द विचारला नाही. लेखणी पुसली, पावत्यांची थैली घेतली, छत्री उघडली आणि निघाले. स्टेशन दीड मैलांवर होते. ते वळणाआड जाईपर्यंत आम्ही हसत होतो. मग हसू येईना, पण धावत जाऊन त्यांना थांबवण्याचे धैर्यही होईना.

ते दीड तासाने घामाघूम होऊन परतले. तोवर आजोबा आले होते. दिवाणजी एवढेच म्हणाले, “शेठजी, आपली चुकामूक झाली वाटतं.” माझ्याकडे त्यांनी पाहिले आणि नजर काढून घेतली. मी आपण होऊन सांगितले. मला वाटले मार बसेल. आजोबांनी दिवाणजींना पाणी दिले, स्वतः किर्द पुढे ओढली आणि माझे नाव घालून माझ्याकडून वाचून घेतले: नावे, दिवाणजींचा हेलपाटा एक, मैल तीन.

“तुझा निरोप त्यांनी का तपासला नाही, ठाऊक आहे?” ते म्हणाले. “या दुकानात माझ्या नावानं आलेला निरोप तीस वर्षांत कधी खोटा निघाला नव्हता. तो आज निघाला.”

रात्री मी रुसून म्हणालो की आम्ही तर गंमत केली होती. आजोबा रोज तत्त्वार्थसूत्राचे पाठ करीत. त्यांनी फक्त सत्यव्रताच्या पाच भावना मला मोजायला लावल्या. त्यांत क्रोध, लोभ आणि भय यांच्या पंगतीला हास्यही बसलेले आहे, हे वाचकांना स्वाध्यायातून परिचित असेलच. रागाने, लोभाने आणि भीतीने माणूस खोटे बोलतो हे मला तेव्हाही कळत होते. हसता हसताही ते तोंडातून निघून जाते, आणि तेव्हा ते ओळखू येत नाही म्हणून त्याची वेगळी गणती केली असावी, हे बऱ्याच उशिरा उमगले. आजोबा स्वतः मात्र अतिशय थट्टेखोर होते. त्यांचे विनोद बहुधा स्वतःच्या टकलावर असत.

डी डेनेच्या कवितेविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला तो चाकर छत्री घेऊन निघालेला दिसला. फरक इतकाच, की त्याला ठाऊक होते. आमच्या दिवाणजींना नव्हते.

इंग्लंडात एक नियम पाळतात. थट्टा दुपारी बारापर्यंतच करायची. त्यानंतर करणारा स्वतःच मूर्ख ठरतो. आम्ही दिवाणजींना पाठवले तेव्हा दोन वाजून गेले होते. मोबाइलवरच्या थापांना बाराचा ठोका नाही, ही त्यांची खरी अडचण आहे. १ एप्रिलला सकाळी गमतीने लिहिलेला मजकूर पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी खरी बातमी होऊन पोहोचतो. एखाद्या पतपेढीच्या दाराशी ठेवीदारांची रांग लावायला तेवढे पुरते.

दिवाळीला वही बदलली तेव्हा माझ्या नावावरची ती नोंद आजोबांनी नव्या खतावणीत पुढे ओढली. दरम्यान मी सुटीच्या दिवशी दिवाणजींचा डबा त्यांच्या घरून आणू लागलो होतो. अंतर किती ते मी मोजले नाही. दिवाणजींनी मोजले असावे. एके दिवशी त्यांनीच त्या ओळीपुढे बारीक अक्षरांत ‘जमा’ लिहिले आणि मला दाखवले.

वाचकांच्या घरी, गावाकडे किंवा मारवाडी, गुजराती, कानडी बोलणाऱ्या आप्तांकडे अशा थट्टेसाठी काही निराळा शब्द असेल तर अवश्य कळवावा. पुढील अंकात त्यांची दखल घेऊ. मात्र पत्रावर १ एप्रिलची तारीख असेल, तर ते दुपारी बारानंतरच उघडण्यात येईल.